ऐकण्याचा पेपर आणि शंभरावा दिवस

१४ मार्च

आजपासून पुन्हा वर्ग घेऊ लागले. बारावीचा वर्ग तसाच गच्च होता. बाकांवर पुस्तकांचे ढीग आणि ढिगांमागे डोकी. मी आत गेले तेव्हा सगळे उभे राहिले आणि कोणी काही बोललं नाही. एरवी मला शांततेसाठी टेबलावर डस्टर आपटावं लागतं. मी म्हटलं, "बसा. इंग्रजी ऐकण्याचा सराव, संच अकरावा." बसले.

बाहीवर काळी पट्टी आहे. शंभर दिवस ठेवायची, असं सासूबाईंनी सांगितलं आहे.

सातवा प्रश्न चालू असताना मी खिडकीकडे पाहिलं. या वेळी माझ्या नवऱ्याची, चांगलूची बस शाळेखालच्या वळणावर यायची आणि तो दोनदा हॉर्न द्यायचा. शाळेजवळ हॉर्न देऊ नकोस, हे मी सांगून थकले. तो म्हणायचा, "वळण आहे. नियम आहे." मग मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणायचं, "बाई, हे संभाषण दोनदा वाचलं जाईल!" रेकॉर्डिंगमध्ये तसंच सांगतात. बस आजही आली. आता त्याचा मित्र जिनभाऊ ती चालवतो. त्याने हॉर्न दिला नाही.

तास संपल्यावर रुईलान जवळ आली. ती डोंगरातल्या गावची. वाचनात वर्गात पहिली, ऐकण्यात कच्ची. कोणी शिंकलं तरी तिचा एक प्रश्न निसटतो. तिला शिक्षिका व्हायचं आहे, आणि ऐकण्याचे गुण गेले तर त्या कॉलेजचं दार बंद.

"बाई, पूर्वी हॉर्न वाजला की माझा सातवा प्रश्न चुकायचा," ती म्हणाली.

"बरं."

"आज हॉर्न वाजला नाही. तरी सातवाच चुकला."

प्रश्न आधी वाचून ठेवत जा, असं मी तिला सांगितलं.

२२ मार्च

आजच्या संचात एक सोपा संवाद होता. बाई पाहुण्याला विचारते, "तुम्ही चहात साखर घेत नाही ना?" पाहुणा म्हणतो, "नो." पाहुणा साखर घेतो का? निम्म्या वर्गाने लिहिलं, घेतो.

ही चूक दर वर्षी होते. आपल्याकडे कोणी विचारलं, "अजून जेवली नाहीस ना?" तर आपण "हो" म्हणतो. म्हणजे तुमचं बरोबर, जेवले नाही. "नाही" म्हटलं तर तुमचं चुकलं, जेवून झालं. आपण विचारणाऱ्याच्या म्हणण्याला उत्तर देतो. इंग्रजी माणूस विचारणाऱ्याकडे बघतच नाही. साखर घेत नाही, तर नो. संपलं.

"म्हणजे त्यांचं नाही ते नाहीच, आणि आपलं नाही म्हणजे होय?" फानने विचारलं. हा वर्गातला विदूषक. "बाई, आपण कोरा पितो. जी माणसं चहात साखर घालतात त्यांच्या बोलण्यावर विश्वास कशाला ठेवायचा?"

वर्ग हसला. मीही हसले असणार, कारण रुईलानने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

उरलेला तास मी त्यांच्याकडून हेच घोकून घेतलं. तुला भाऊ नाही ना? नो. आज पाऊस नाही ना? नो. शेवटी ते माझ्याच तोंडात बसलं. घरी येताना भाजीवालीने विचारलं, "आज मुळे नकोत ना बाई?" मी म्हटलं, "नाही." तिने दोन जुड्या पिशवीत टाकल्या. हल्ली माणसं ऐकतच नाहीत. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, त्यांचं लोणचं घातलं.

५ एप्रिल

छिंगमिंग, आपल्या माणसांची थडगी झाडायचा दिवस. शाळेमागच्या टेकडीवर जाऊन चांगलूचं थडगं झाडलं. माती अजून नवी आहे, गवत धरलेलं नाही. खाली मोहरीची शेतं पिवळी होती. शेजारच्या थडग्यापाशी फटाके लागले तेव्हा आईंनी दोन्ही कान झाकून घेतले. उजव्या कानाने त्यांना तसंही ऐकू येत नाही.

१८ एप्रिल

रोज जेवण झालं की मी दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंग एकदा लावून पाहते. आई बाहेरच्या खोलीत बाकल्याच्या शेंगा सोलत बसतात.

"तो आवाज जरा कमी कर," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "नाहीतर मोठा तरी कर. हे अर्धवट काय?"

त्यांना त्रास होत असणार म्हणून मी दार लावून घेतलं. नंतर पाहिलं तर दार उघडं होतं आणि त्यांची खुर्ची उंबऱ्याशी आली होती. वाऱ्याने उघडलं असावं.

शीआन शहरातून नणंदेचा फोन आला. "वहिनी, शंभरावा दिवस झाला की आईला मी इकडे घेऊन येते. दादा गेला, आता तुझ्यावर तिचा भार कशाला?" मी म्हटलं, "जशी आईंची इच्छा." आईंना सांगितलं. त्या शेंगा सोलत राहिल्या. शीआनला नळाला दिवसभर गरम पाणी असतं. त्यांना जायचं असणार.

३ मे

शंभरावा दिवस आठ जूनला येतो. थडग्यावरच्या विधीसाठी जाणत्याने दुपारी तीननंतरची वेळ काढून दिली आहे. म्हणजे नेमका कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेतला इंग्रजीचा पेपर, आणि पेपरात ऐकण्याचा भाग पहिला. टेकडी शाळेच्या अगदी पाठीशी आहे. शंभराव्या दिवशी आमच्याकडे फटाक्यांच्या माळा लावतात. तिथे माळ लागली तर खाली वर्गात कोणाला काही ऐकू येणार नाही. बाकीचे कसेतरी निभावून नेतील. रुईलान नाही.

हे आईंना कसं सांगावं या विचारात मी दिवसभर होते. आणि जेवताना त्यांनी आपणहून विषय काढला. माझ्या वाडग्यात अंड्याचा मोठा तुकडा टाकला आणि विचारलं, "शूवेन, त्या दिवशी तुला फटाके नकोत ना?"

इतका मोकळा प्रश्न त्या विचारतील असं वाटलं नव्हतं. मी लगेच म्हटलं, "नाही."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "नक्की?"

"नक्की."

"बरं. तुझा नवरा. तू म्हणशील तसं."

इतकं सोपं होतं. उगाच घाबरले.

१२ मे

आईंचे धाकटे भाऊ, थाओमामा, आज टेम्पोतून फटाके घेऊन आले. लाल कागदातली दोन वेटोळी, बैलगाडीच्या चाकाएवढी. वरून मोठे बार वेगळे. अंगणात ठेवताना टेम्पो हलला.

"ताई, एवढे कशाला?" मामांनी घाम पुसत विचारलं.

"घरात हवेत म्हटलं की हवेत," आई म्हणाल्या. "करायचं तर थाटात करायचं. कोणी नंतर म्हणायला नको की म्हातारीने हात आखडला."

"पण परीक्षेच्या दिवसांत गावात बंदी असते ना?"

"गावात. टेकडीवर कोण बघतं?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. मामा पाणी प्यायला आत आले आणि मला म्हणाले, "माझ्याकडे असं बघू नकोस बाई. हुकूम घरचा आहे. मी आपला हमाल."

विचारल्यासारखं केलं आणि मनासारखं केलं. मला राग आला नाही. मुलगा त्यांचा होता. नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाईला मी कोण सांगणार?

१९ मे

शाळेत शांततेची नोटीस लागली. परीक्षेच्या दोन दिवसांत हॉर्न नाही, पुलाचं बांधकाम नाही, चौकात बायका रोज व्यायामासाठी नाचतात, तेही नाही. शाळेच्या कमळाच्या तळ्यात बेडूक फार झाले आहेत. मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून शिपाई ते जाळ्यात धरून नदीवर सोडून येतो आहे.

फानला गप्प राहवेना, पण तो एवढंच म्हणाला, "बाई, बेडूक ऐकतात. आमच्या गल्लीतल्या काकू नाही ऐकणार."

फटाक्यांबद्दल मी शाळेत कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर पोलीस टेकडीवर जाऊन आईंना अडवतील. ते मला करायचं नाही.

२७ मे

फटाक्यांचं आज आईंना विचारणार होते. विचारलं नाही. आंबवलेल्या पाल्याच्या सुपातल्या शेवया केल्या होत्या. चांगल्या झाल्या.

२९ मे

वाचनाचा तास. उताऱ्यात जे लिहिलेलं नाही पण सुचवलेलं आहे, ते ओळखायचं. एक म्हातारी रोज संध्याकाळी शेजाऱ्यावर ओरडते, तुझ्या व्हायोलिनने माझं डोकं उठलं. एक दिवस तो वाजवत नाही, तर ती जाऊन त्याचं दार ठोठावते. म्हातारीला खरं काय वाटत होतं?

"तिला ते आवडायचं, बाई," रुईलान प्रश्न संपायच्या आत म्हणाली. "तिला एकटं वाटायचं."

बरोबर. मी मुलांना सांगितलं, परीक्षेत इतका सोपा उतारा येणार नाही.

संध्याकाळी डोकं दुखत होतं म्हणून रेकॉर्डिंग लावलं नाही. आई दारात आल्या. "आज तुझी ती बाई बोलत नाही? बिघडली का?"

"नाही आई. म्हटलं, आज तुम्हाला शांतता."

"हं," त्या म्हणाल्या आणि लवकर जाऊन पडल्या.

५ जून

शाळा परीक्षेसाठी बंद झाली. रुईलान माझी पुस्तकं परत द्यायला घरी आली. आई तांदळाचे झोंगझी पानात बांधत होत्या. त्यांनी तिला बसवून घेतलं आणि आधी उकडलेले तीन खायला लावले.

"वाळली आहेस नुसती. खा. ऐकायला ताकद लागते."

"आजी, ऐकायला कसली ताकद?"

"मला विचार. एका कानाने ऐकते मी." मग म्हणाल्या, "पहिले छोटे संवाद एकदाच वाचतात, नाही का? ते अवघड. दोनदा वाचतात त्यांचं काही नाही."

हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

रुईलान म्हणाली, "आजी, त्या दिवशी सगळं गाव चिडीचूप असतं म्हणे. टाचणी पडली तरी ऐकू येते."

आईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगणात लाल वेटोळी ताडपत्रीखाली होती. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, जणू मीच काही बोलावं. मी चहा ओतला.

रुईलान गेल्यावर त्यांनी मला बुटात घालायचे दोन तळवे दिले. लाल कापडाचे, बारीक टाक्यांचे. परीक्षेच्या सकाळी आम्ही सगळ्या शिक्षिका मुलांच्या शुभासाठी लाल कपडे घालतो. मला यंदा दुखवट्यात लाल घालता येणार नाही, हे मी त्यांच्यापाशी बोललेही नव्हते.

"पायाखाली कोणाला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मुलांना लाल, चांगलूला पांढरं. दोघांचं राहील."

हे आजच लिहून ठेवते. काल कोणी मला विचारलं असतं तर आई कठोर आहेत असं मी म्हटलं असतं.

८ जून

सकाळपासून लाल तळव्यांवर चालले.

दुपारी शाळेच्या फाटकाशी मुलांना सोडलं. रुईलानचे हात गार होते. मी म्हटलं, "सातवा आधी वाचून ठेव." फाटक बंद झालं आणि मी मागच्या वाटेने टेकडी चढले.

आई आणि मामा आधीच पोचले होते. उदबत्त्या लागल्या होत्या, कागदी नोटा जळत होत्या, चांगलूच्या आवडीच्या राईसशीट, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या पट्ट्या, आणि दारूचा प्याला मांडलेला होता. मामांनी दोन्ही माळा सोडवून थडग्याभोवती पसरल्या होत्या. एवढ्या लाल रंगात ते थडगं लग्नघरासारखं दिसत होतं.

खाली गाव इतकं गप्प होतं की मला ते ओळखू येईना. पुलावर कामगार सावलीत बसले होते. वळणावर जिनभाऊची बस इंजिन बंद करून उभी होती.

मामांनी सिगारेटचा झुरका घेतला आणि पेटतं टोक वातीकडे नेलं.

"थांबा," मी म्हटलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठ्याने आलं.

"का गं?" आई म्हणाल्या.

"आई, खाली मुलं ऐकतायत. आत्ताच सुरू होतंय. चांगलूसाठी आहे हे मला कळतं. तुमचं मन मोडायचं नाही. पण एवढं ऐका माझं. नंतर लावा, पेपर संपल्यावर लावा."

"अगं बये, मग हवेत कशाला म्हणालीस?"

"मी? मी तर नाही म्हणाले."

"तेच ना! मी विचारलं, फटाके नकोत ना? तू म्हणालीस नाही. नाही म्हणजे हवेत! वर नक्की का विचारलं, तर म्हणे नक्की!"

मी होते तिथे मातीत बसले. मला मुळ्याच्या दोन जुड्या आठवल्या.

"आई," मी म्हटलं, "ते इंग्रजीतलं नाही होतं."

आईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "घरात इंग्रजीतलं नाही कशाला आणतेस? इकडे महिनाभर माझ्या पोटात गोळा! मला बार सहन होत नाहीत, लहानपणापासून. चांगलूला माहीत होतं. पण म्हटलं सुनेला हवेत, तिचा नवरा, तिची हौस, करू दे." त्यांनी खिशातून कापसाचे दोन बोळे काढून माझ्यापुढे धरले. "हे बघ. तयारीने आले होते."

"मग लावायचे नाहीत ना?" मामांनी विचारलं. सिगारेट अजून हातात होती.

"हो!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"हो म्हणजे लावू?"

"अरे, हो म्हणजे नको!" आई त्यांच्या अंगावर धावल्या. मामांनी घाबरून सिगारेट समोरच्या प्याल्यात बुडवली. तो चांगलूचा प्याला होता.

"त्याला चालेल," आई म्हणाल्या.

तेवढ्यात खालून आवाज आला. वर्गांच्या खिडक्या उघड्या होत्या आणि वारा आमच्या बाजूला होता. सगळ्या वर्गांतून एकच बाई इंग्रजीत बोलत होती. आईंनी डावा कान तिकडे केला.

"काय म्हणतेय?"

"तिला बूट परत करायचे आहेत. घट्ट होतात."

"मग? दुकानदार घेतो का परत?"

"तेच मुलांना विचारलंय."

"हा एकदाच वाचतात ना?"

"हो."

"मग बडबडू नकोस. ऐकू दे."

आम्ही तिघं तशीच बसलो, माळांच्या मधोमध. दोनदा वाचायचे संवाद आले तेव्हा पहिल्या वेळी मी ऐकायचे आणि दुसऱ्या वेळी आईंना हळूच सांगायचे. सातव्या प्रश्नाला मी श्वास धरला. काही वाजलं नाही. एक बुलबुल बोलत होता, त्याला मामांनी हात हलवून गप्प करायचा प्रयत्न केला.

ऐकण्याचा भाग संपला, मग लिहिण्याचा. उन्हं कलेपर्यंत आम्ही तिथेच होतो. राईसशीट खाल्ल्या. मामा झोपले. पेपर संपल्याची घंटा झाली आणि सगळं गाव एकदम बोलू लागलं, बायका, पूल, कुत्री, स्कूटर. वळणावरून जिनभाऊची बस निघाली. तिने हॉर्न दिला. दोनदा.

आईंना ते ऐकू गेलं.

शंभराव्या दिवशी रडणं संपवायचं असतं, म्हणून तो दिवस पाळतात. माझं तेव्हा सुरू झालं. आईंनी डोळे पुसायला कापसाचा एक बोळा मला दिला आणि एक स्वतः घेतला.

उतरताना फाटकाशी रुईलान भेटली. "बाई, सातवा आला! मला आज सगळं ऐकू आलं. बूट घेतले नाहीत ना दुकानदाराने?"

"नो," आई माझ्या आधी म्हणाल्या.

१० जून

बाहीची पट्टी सोडली. मामा फटाके परत घेऊन गेले. नव्या वर्षाला विकतील.

नणंद रविवारी गाडी घेऊन येते आहे. आईंनी सकाळी पेटी काढली, रजई घडी करून तिच्यात घातली, मग बाहेर काढून उन्हात टाकली. मी बघत होते. मी बारा महिने मुलांना सांगते, प्रश्न आधी वाचून ठेवा. हा प्रश्न माझ्यासमोर एप्रिलपासून पडला होता.

जेवताना त्यांच्या वाडग्यात मी मुळ्याचं लोणचं वाढलं आणि विचारलं, "आई, तुम्हाला शीआनला जायचं नाही ना?"

त्यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"हो," त्या म्हणाल्या.

मी तशीच थांबले. माझा चेहरा बघून त्यांना हसू आलं.

"इंग्रजीतलं नव्हे गं," त्या म्हणाल्या. "आपलं."